पाश्चात्त्य कोश, देशी पंडित आणि वडगावची बोली

पेठ वडगावच्या बाजारात परिचिताला ‘कवा आलासा?’ असे विचारतात. प्रमाण मराठीत ‘केव्हा आलात?’. पहिले रूप दुसऱ्याचा अपभ्रंश होय, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. तिचा उगम शोधताना एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) हा ग्रंथ उपयोगी पडतो, पण पुरा पडत नाही. पौर्वात्यांचे चित्र पाश्चात्त्यांनी सत्तेच्या अनुषंगाने रंगविले, हा सैद यांचा मुख्य सिद्धान्त. मराठीपुरते पाहता रंग कालविणारे हात बव्हंशी देशी होते.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली. या कामी त्यांना ब्राह्मण शास्त्रीमंडळींचे साहाय्य होते. शब्दापुढे ‘ग्राम्य’, ‘अपभ्रष्ट’ अशा अर्थाची खूण पडे ती साहेबांच्या लेखणीने. कोणता शब्द शिष्ट, हा निवाडा मात्र बहुधा शास्त्र्यांच्या कानाचा असे. छापील कोशाने त्या निवाड्यास शास्त्राची प्रतिष्ठा दिली. घरी ‘आलासा’ म्हणणारा पदव्युत्तर विद्यार्थी व्याख्यानगृहात शिरताच आजही जीभ सावरतो, तो याच परंपरेमुळे.

ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाची (१९०५) दृष्टी अधिक उदार होती. परंतु बोलींचे नमुने मुख्यत्वे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेच्या भाषांतरांतून आणि सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले. बाप, दोन मुलगे, एखादा चाकर! अशा कथेत बाजारातील विचारपूस आणि घासाघीस कोठून यावी?

प्रत्यक्ष रूपे पाहिली असता काय आढळते? वडगावकडे ‘तू आलास, तुम्ही आलासा’, ‘तू जातोस, तुम्ही जातासा’. द्वितीयपुरुषी ‘स’ दोन्ही वचनांत आणि दोन्ही काळांत टिकतो. प्रमाण भाषेत ‘आलास-आलात’, ‘जातोस-जाता’ अशी विषम जुळणी आहे. नियमितपणा हीच शुद्धतेची कसोटी मानली, तर वडगावची बाजू वरचढ ठरते.

या भागातील स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. त्यावरून त्यांची भाषा ‘पुरुषी’ ठरविणे ही निव्वळ शहरी थट्टा होय. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदास लिंगभेद नसतो. तेव्हा येथे प्रश्न शिष्टाचाराचा नसून भाषासंपर्काचा आहे, आणि त्याचा शोध कोशाच्या पानांत नव्हे, सीमाभागातील द्वैभाषिक घरांत घ्यावा लागेल.