मधमाश्यांचा प्रकल्प आणि एक खोडलेलं वाक्य

प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली, की घरोघरी काय धांदल उडते ते मला ठाऊक आहे बरं का! आई जिलेटीन पेपर आणायला धावते, बाबा रात्री चित्रं छापून आणतात. मुखपृष्ठ असं चकाकतं, की नुसतं बघत राहावं. आणि आत? आत इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर. एकदा एका वहीत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' मी वहीवर बोट दाबून पाहिलं. काहीच उघडलं नाही! सगळा वर्ग हसला, तो मुलगाही हसला.

प्रकल्प चांगला लिहायचा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला इंग्लंडमधल्या एका शाळेत नेते. डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या 25 मुलांनी एक प्रयोग केला. मुलं तुमच्याएवढीच, 8 ते 10 वर्षांची. त्यांचा शोधनिबंध डिसेंबर 2010 मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक लंडनच्या रॉयल सोसायटीचं. ही संस्था 1660 साली स्थापन झालेली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातली!

मुलांना प्रश्न पडला होता, आपण कोडी सोडवतो तशी मधमाश्यांना सोडवता येतील का? बो लॉटो नावाचे शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. बंबल-बी जातीच्या गुबगुबीत मधमाश्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेटीत सोडल्या. पेटीत चार चौकोन होते. प्रत्येकात 16 रंगीत वर्तुळं, म्हणजे जणू फुलंच. काही चौकोनांत मधली 4 वर्तुळं पिवळी आणि भोवतालची 12 निळी, तर काहींत बरोबर उलट. मधल्या वर्तुळांत साखरेचं पाणी, बाहेरच्यांत मिठाचं. आता मधमाशीनं नुसतं 'पिवळ्यावर जायचं' असं ठरवलं तर ती फसणार, कारण पिवळं कधी आत असतं, कधी बाहेर. कोणत्या रंगाच्या आत कोणता रंग आहे, हे बघायला हवं.

माश्या शिकल्या! मग मुलांनी पेटीतली साखर काढून टाकली आणि परीक्षा घेतली. तेव्हाही माश्या बहुतेक वेळा मधल्या वर्तुळांकडेच गेल्या. झालं, प्रकल्प संपला? छे! मुलांना शंका आली, या माश्या रंग न बघता नुसत्या मध्यावर तर जात नसतील? म्हणून त्यांनी मधली वर्तुळं हिरवी केली. आता मध्यावर जाणं खूपच कमी झालं. म्हणजे 'मध्यावर जा' एवढाच नियम माश्या पाळत नव्हत्या.

आपल्याच उत्तरावर अशी शंका घेणं मला फार आवडलं. आपण काय करतो? उत्तर आलं, की वही मिटतो.

आता लिहिण्याकडे येऊ. या निबंधाची सुरुवात चक्क गोष्टीसारखी आहे, भाषा मुलांचीच आहे आणि आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आहेत. तरी मोठ्या शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला. का? कारण त्यात प्रश्न स्पष्ट होता. काय केलं ते असं लिहिलं होतं, की वाचून दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करून पाहता येईल. काय दिसलं ते आकड्यांत होतं, आणि त्यावरून काय वाटलं ते वेगळं लिहिलं होतं. जड शब्द लिहिले म्हणजे लेखन अभ्यासपूर्ण झालं, असं नसतं. (आम्हा मोठ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं!)

एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. आपल्याआधी कुणी काय शोधलं, त्याचा उल्लेख करायची रीत आहे. ते कठीण निबंध मुलांना वाचता येणार नव्हते. म्हणून दोन शास्त्रज्ञांनी वेगळं टिपण लिहून ती माहिती दिली आणि ते निबंधाबरोबर छापलं. ही सवलत तुम्हाला नाही हं! पुस्तकातून घेतलं तर पुस्तक, लेखक, वर्ष आणि पान लिहा. वेबसाइटवरून घेतलं तर तिचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा. आजीनं सांगितलं असेल तर 'आजीनं सांगितलं' असं लिहा. त्यात कमीपणा कसला?

आता माझीच एक चूक सांगते. चौथीतल्या एका मुलीनं प्रयोग केला. मटकीचे 20 दाणे खिडकीतल्या वाटीत, 20 कपाटातल्या अंधारात. प्रश्न असा, की मोड यायला उजेड लागतो का? खिडकीत 17 दाण्यांना मोड आले, कपाटात 11 दाण्यांना. खाली तिनं लिहिलं होतं, 'रविवारी मी कपाटातल्या वाटीत पाणी घालायला विसरले. कदाचित म्हणून कमी आले असतील.'

वही प्रदर्शनात जायची होती. ते वाक्य मला बरं दिसेना. मी लाल पेनानं ते खोडलं आणि तिला सगळं पुन्हा स्वच्छ उतरवून काढायला लावलं.

प्रदर्शनात एका पाहुण्यांनी विचारलं, "म्हणजे अंधारात मोड कमी येतात का गं?" ती म्हणाली, "नाही हो, मी पाणी घालायला विसरले होते. पण ते बाईंनी खोडलं." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहू ते मला कळेना! तिचे आकडे खरे होते, पण ते एक वाक्य गेल्यामुळे सगळा प्रकल्प खोटं बोलू लागला होता.

पालकहो, मुलांचा प्रकल्प 'नीटनेटका' करताना आपणही असंच काही पुसून टाकत नाही ना, ते एकदा पाहाल का?

पुढच्या आठवड्यात तिनं प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी पाणी न विसरता. खिडकीत 18 दाण्यांना मोड आले, कपाटात 19 दाण्यांना. कपाटातले मोड लांब आणि पिवळट होते, तेही तिनं टिपलं. पहिला तक्ता फाडू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. दोन्ही तक्ते एकाखाली एक राहिले.

आणि तिची जुनी वही मी मागून घेतली. छापखान्यात मजकूर तपासणारे लोक चुकून काही खोडलं गेलं, तर त्या शब्दांखाली ठिपके देतात. 'हे ठेवा' असा त्याचा अर्थ. मी त्या वाक्याखाली लाल पेनानं ठिपके दिले.