मुबलक लोह, उपाशी जीवाणू

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोह आहे. तरीही बहुतेक सूक्ष्मजीव लोहासाठी कायम आसुसलेले असतात. याचे कारण ऑक्सिजन. सुमारे 2.4 अब्ज वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला, तोवर समुद्राच्या पाण्यात लोह फेरस रूपात विरघळलेले होते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्याचे फेरिक रूप होते, आणि फेरिक लोह गंजासारखे साक्याला बसते. उदासीन पाण्यात मोकळे फेरिक लोह इतके कमी उरते की लिटरभर पाण्यात त्याचे आयन जेमतेम काही लाख भरतील. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या एका पेशीलाच लाखांच्या घरात लोहाचे अणू लागतात. म्हणजे लिटरभर पाण्यातले सारे मोकळे लोह फार तर एकदोन पेशींना पुरेल. श्वसन आणि डीएनएची बांधणी यांसाठी तर लोह हवेच.

या अडचणीवर जीवाणू आणि बुरशी यांनी काढलेला तोडगा म्हणजे सिडेरोफोर. ग्रीक भाषेत सिडेरोस म्हणजे लोह आणि फोरोस म्हणजे वाहून नेणारा. पेशी हे छोटे रेणू बाहेर सोडते. ते लोहाच्या आयनाला बहुधा सहा ऑक्सिजन अणूंनी सर्व बाजूंनी धरतात आणि साक्यातून ओढून विरघळत्या रूपात आणतात. यांपैकी फेरिक्रोम हा रेणू जे. बी. नीलँड्स यांनी 1952 मध्ये गवतावर काणी आणणाऱ्या एका बुरशीतून वेगळा केला. ई. कोलायचा एंटेरोबॅक्टिन 1970 मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधला. त्याची लोहावरची पकड ज्ञात सिडेरोफोरांमध्ये सर्वांत घट्ट आहे. तिचा स्थिरांक एकावर एकोणपन्नास शून्ये इतका भरतो.

लोह धरणे हे अर्धेच काम. लोहासह एंटेरोबॅक्टिनचा रेणू इतका मोठा होतो की पेशीच्या बाह्य पटलातल्या साध्या छिद्रांतून तो आत शिरत नाही. त्याच्यासाठी फेपए नावाचे खास प्रथिनाचे दार असते. ते उघडायला ऊर्जा लागते आणि बाह्य पटलाजवळ ऊर्जेचा साठा नसतो. टॉनबी हे प्रथिन आतल्या पटलावरची ऊर्जा त्या दारापर्यंत पोहोचवते. पुढे दुसरी प्रथिने रेणूला आतले पटल ओलांडून नेतात. तिथे खरा पेच उभा राहतो, कारण इतकी घट्ट पकड सुटणार कशी? ई. कोलाय त्यासाठी एंटेरोबॅक्टिनचे कडेच तोडतो. कष्टाने बनवलेला रेणू लोहाच्या एका अणूपायी खर्ची पडतो, आणि लोहाची किंमत यावरून कळावी. इतर अनेक सिडेरोफोर मात्र वाचतात. त्यांच्यातले फेरिक लोह फेरस झाले की पकड आपोआप सैल होते आणि रिकामा रेणू पुन्हा कामाला लागतो. लोह पुरेसे असेल तेव्हा फर नावाचे प्रथिन डीएनएवर बसून हे सारे उत्पादन बंद ठेवते.

माणसाच्या शरीरात ही ओढाताण जिवावरची होते. रक्तातले लोह ट्रान्सफेरिन आणि आईच्या दुधातले लॅक्टोफेरिन ही प्रथिने जखडून ठेवतात, म्हणून मोकळे लोह जंतूंच्या हाती जवळजवळ लागत नाही. एंटेरोबॅक्टिन ट्रान्सफेरिनकडूनही लोह हिसकावतो. त्यावर शरीराकडे सिडेरोकॅलिन हे प्रथिन आहे, जे लोहासकट एंटेरोबॅक्टिनच पकडते. साल्मोनेला जीवाणू मग आपल्या एंटेरोबॅक्टिनला ग्लुकोज जोडतो, आणि असा रेणू सिडेरोकॅलिनच्या खाचेत बसत नाही. क्षयाचा जीवाणू मायकोबॅक्टिन हा स्वतःचा सिडेरोफोर वापरतो. लाइम रोगाचा बोरेलिया हा जीवाणू तर लोहाच्या वाटेलाच जात नाही, मँगनीजवर भागवतो.

मातीतही हीच चुरस आहे. महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी त्याला केवडा म्हणतात. अशा मातीत मुळांभोवतीचे काही स्युडोमोनास जीवाणू पिवळसर हिरवा पायोव्हर्डिन सोडून लोह खेचतात. रोगकारक बुरशी त्यामुळे उपाशी राहते, आणि जैविक रोगनियंत्रणात या जीवाणूंना जे महत्त्व आहे त्याचे हे एक कारण आहे. त्यांच्यातले काही स्वतः पायोव्हर्डिन न बनवता शेजाऱ्यांनी सोडलेलाच वापरतात.

वैद्यकात सिडेरोफोरांनी आधीच जीव वाचवले आहेत. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातले जादा लोह हृदयात व यकृतात साठते. ते बाहेर काढणारे डेफेरोक्सामाइन हे औषध मुळात स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूचा सिडेरोफोर आहे. ते छोट्या पंपाने त्वचेखाली तासन्‌तास सोडावे लागते. सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक तर सिडेरोफोरसारखाच लोह धरणारा भाग घेऊन येते. भुकेला जंतू लोह समजून त्याला आपणच आत ओढून घेतो. अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली.