त्वचेतून औषध : मलमावरच्या 'नॅनो' या शब्दाचा अर्थ काय?

वरठी परिसरात काम करताना भाजलेल्या जखमेवर टूथपेस्ट, हळद, कधी शाईसुद्धा लावलेली आम्ही पाहतो. आता त्यात 'नॅनो' लिहिलेल्या महागड्या मलमांची भर पडते आहे. म्हणून हे तंत्र नेमके काय आहे, ते समजून घेऊ या.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चरबी भरलेली. ही भिंत जंतूंना अडवते, तशीच बहुतेक औषधांनाही अडवते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरले, तर ते त्या फटींत आणि केसांच्या मुळांशी शिरते व हळूहळू सुटते. मात्र सगळ्याच औषधांना हे जमत नाही. इन्सुलिनसारखा मोठा रेणू नुसत्या मलमाने रक्तात पोचत नाही.

भाजल्यावर प्रश्न उलटा होतो. भिंतच पडलेली असते. वरून लावलेले औषध शरीरात जाऊ शकते. अशा जखमांवर चांदीयुक्त मलम फार पूर्वीपासून वापरतात. जखम मोठी असेल तर त्यातली चांदीही रक्तात उतरते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांचे जेल तयार केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या जेलने प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाच्या तोडीने जंतू रोखले, तेही ३० पट कमी चांदीत. कण जितका बारीक, तितका त्याच वजनात पृष्ठभाग जास्त. म्हणून थोड्या चांदीत काम भागते.

ही संस्था केंद्र सरकारच्या निधीवर चालते, म्हणजे आपल्या सर्वांच्या पैशावर. असे संशोधन गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तोवर एवढे करा : भाजलेला भाग लगेच २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठा. आणि 'नॅनो' हा शब्द वाचून मलम विकत घेऊ नका. आत कोणते औषध आहे, ते डॉक्टरांना विचारा.