गोधडीचा संघ आणि समाजाची ऊब

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजा आहेत, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. यांपैकी वस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगावरचे कपडे येतात. रात्रीचे पांघरूण सहसा येत नाही. परंतु ज्या घरात थंडीच्या दिवसांत एका गोधडीखाली तीन भावंडे निजली, त्या घराला पांघरुणाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आमच्या पिढीतील बहुतेक समाजबांधव अशाच घरांतून आले आहेत. आईचे जुनेर, वडिलांचे विरलेले धोतर आणि फाटक्या चादरी यांचे थर एकावर एक घालून, आजीने धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ हीच त्या घराची खरी ऊब होती. पुढे आम्ही शिकलो, नोकऱ्या लागल्या, घरात ब्लँकेटे व रजया आल्या, आणि गोधडी माळ्यावर गेली.

याच गोधडीच्या पाश्चात्त्य बहिणीभोवती, म्हणजे 'क्विल्ट'भोवती, अमेरिकेत व अन्य देशांत गावोगावी संघ उभे राहिले आहेत. हे संघ केवळ हौस भागवीत नाहीत, तर आजारी, बेघर व संकटग्रस्त माणसांसाठी नियमित काम करतात. त्यांचे काम कसे चालते, त्यांतून काय साधले व काय राहून गेले, आणि आपल्या महिला मंडळांना त्यातून काय घेता येईल, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

क्विल्ट म्हणजे काय?

क्विल्टला तीन थर असतात. वरचा थर कापडाचे तुकडे जोडून केलेला असतो, मधला थर कापसाचा किंवा तत्सम उबदार पदार्थाचा असतो, आणि खाली अस्तर असते. हे तीनही थर टाके घालून एकजीव करतात व शेवटी चारही कडांना गोट लावतात. आपल्या गोधडीत मधला कापसाचा थर बहुधा नसतो, जुन्या साड्यांचे थरच ते काम करतात. बाकी तत्त्व एकच. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही याच कुळातील भावंडे होत. सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या स्त्रिया कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि मध्यावर आणून संपवतात.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची परंपरा आपल्याला धम्माच्या इतिहासातही भेटते. भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून वापरीत. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच रचनेचे चीवर करण्यास सांगितले, असे विनयपिटकातील महावग्गात नमूद आहे. तेव्हा ठिगळ ही लाजेची गोष्ट नव्हे.

संघाचा कारभार

'मॉडर्न क्विल्ट गिल्ड' या संघटनेची सुरुवात २००९ साली लॉस एंजेलिस येथे झाली. अलिसा हेट कार्लटन व लतिफा साफिर या तिच्या संस्थापिका. जुन्या ठरावीक नमुन्यांऐवजी ठसठशीत रंग, साधी एकरंगी कापडे, मोकळी सोडलेली जागा आणि आधी आखणी न करता केलेली जोडणी ही 'मॉडर्न' क्विल्टची ओळख. गावोगावचे संघ या मध्यवर्ती संघटनेला जोडले गेले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात 'क्विल्टकॉन' हे त्यांचे पहिले मोठे संमेलन व प्रदर्शन भरले.

स्थानिक संघाचा कारभार आपल्या मंडळासारखाच असतो. वार्षिक वर्गणी असते, निवडून दिलेले पदाधिकारी असतात, बहुधा महिन्यातून एकदा बैठक होते. बैठकीत प्रत्येकजण आपले पुरे झालेले किंवा अर्धवट काम सर्वांपुढे धरून दाखवते. एखादी जाणकार सभासद नवी रीत शिकवते. उरलेल्या कापडाची देवाणघेवाण होते. अधूनमधून एखाद्या सभागृहात सर्वजणी आपापली शिवणयंत्रे घेऊन येतात व दिवसभर एकत्र शिवतात. समाजकार्याचे खाते निराळे ठेवलेले असते आणि त्याची जबाबदारी एका सभासदावर सोपवलेली असते.

आम्हांस यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती कामाची वाटणी. समजा, १२ इंचांचा एक चौकोन असे माप ठरवले. शिलाईसाठी चारही बाजूंना पाव पाव इंच धरून प्रत्येकीने साडेबारा इंचांचा चौकोन करून आणावयाचा. नऊ जणींनी एकेक चौकोन दिला की ३६ इंच बाय ३६ इंच मापाचे लहान मुलाचे पांघरूण होते. पस्तीस चौकोन जमले की पाच आडवे व सात उभे लावून ६० इंच बाय ८४ इंचांचे, मोठ्या माणसाचे पांघरूण तयार होते. एका चौकोनाला एखादी संध्याकाळ पुरते. म्हणजे ज्या स्त्रीला घर, मुले व नोकरी सांभाळून संपूर्ण क्विल्ट शिवणे अशक्य आहे, तिचाही हात त्या कामाला लागतो.

संकटात धावून जाणारे टाके

संघांनी शिवलेली पांघरुणे रुग्णालये, बेघरांची निवारागृहे, आगीत किंवा पुरात घर गमावलेली कुटुंबे यांच्याकडे जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीवर प्रकाश अडवण्यासाठी लहान आच्छादने शिवली जातात. २०२० च्या कोरोना साथीत अनेक संघांनी क्विल्ट बाजूला ठेवून कापडी मुखपट्ट्या शिवल्या.

यातील एक उदाहरण विशेष सांगण्यासारखे आहे. १२ जून २०१६ रोजी फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहरात, समलिंगी स्त्रीपुरुष जेथे जमत त्या 'पल्स' नावाच्या क्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांचे प्राण घेतले. तेथील मॉडर्न क्विल्ट गिल्ड या स्थानिक संघाने मृतांचे कुटुंबीय व जखमी यांच्यासाठी क्विल्ट देण्याचे ठरवले. हृदयाच्या आकृतीचा एकच सोपा चौकोन ठरवून, इंद्रधनुष्याच्या रंगांत तो शिवून पाठवण्याचे आवाहन केले. दूरदूरच्या शिवणाऱ्यांनी चौकोन व तयार क्विल्ट पाठवले आणि हजाराहून अधिक क्विल्ट जमा झाले. एका लहानशा संघाला हे शक्य झाले, कारण माप एक होते, नमुना सोपा होता आणि कोणासाठी शिवतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते.

दान देतानाही विवेक हवा, हे येथे नमूद केले पाहिजे. एक वर्षाखालील बाळाला झोपवताना त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, कारण त्याने श्वास कोंडू शकतो, असा तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. म्हणून जाणते संघ आधी रुग्णालयाला विचारतात आणि मग शिवतात. आपल्याला काय द्यावेसे वाटते यापेक्षा घेणाऱ्याला कशाची गरज आहे, हे आधी पाहावयाचे असते.

जीज बेंड : चिंध्यांतून स्वावलंबन

आधुनिक क्विल्टच्या मोकळ्या, धीट रचनेचे कौतुक होते तेव्हा जीज बेंडचे नाव निघतेच. अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणात वसलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. यांचे पूर्वज तेथील मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने गेली तरी लोक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत राहिले व उधारीवर जगत राहिले. उधार देणारा व्यापारी वारल्यावर १९३२ साली त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी कुटुंबाकुटुंबांतून धान्य, अवजारे व जनावरे उचलून नेली. कर्जाची कागदपत्रे रोज हाताळणाऱ्या आम्हां बँक कर्मचाऱ्यांना हा प्रसंग वाचून आपल्याकडील सावकारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अशा दारिद्र्यात तेथील स्त्रियांनी कामाचे झिजलेले कपडे व धान्याची पोती यांच्या तुकड्यांतून क्विल्ट शिवले. मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली, पतीच्या निधनानंतर, त्याच्याच कामाच्या कपड्यांचा क्विल्ट केला. तो आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलादालनात आहे.

१९६० नंतरच्या दशकात मतदानाच्या हक्काचा लढा सुरू झाला. जीज बेंडचे लोक नदीपलीकडील कॅमडेन या जिल्ह्याच्या ठिकाणी नावनोंदणीसाठी जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी! फेब्रुवारी १९६५ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तेथे येऊन गेले. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून त्या भागातील अनेक कुटुंबांना कामावरून व राहत्या घरांतून काढण्यात आले.

अशा वेळी १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था स्थापन केली. फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंनी त्यांचे क्विल्ट दहा दहा डॉलरना घेऊन न्यूयॉर्क येथे लिलावात विकण्याची व्यवस्था केली होती. त्यातून ही कल्पना पुढे आली. संस्थेने जमीन घेतली, १९६९ साली शिवणकेंद्राची इमारत बांधली, आणि घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना आपल्या जमिनीतून घरासाठी जागा दिली. १९७२ साली सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीचे कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा आला. अभ्र्यांतून उरलेल्या कॉर्डरॉयच्या तुकड्यांचे क्विल्ट मग घरोघर झाले.

दान आणि दाम

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दुकानांना एकसारखा माल हवा असे. त्यामुळे ज्या स्वतंत्र रचनेसाठी या स्त्रियांचे हात ओळखले जात, ती रचना कारखान्याच्या कामात बसेना. पुढे २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत जीज बेंडच्या क्विल्टचे प्रदर्शन भरले व जाणकारांनी त्यांना थोर कलेचा मान दिला. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. परंतु आपल्या नमुन्यांवरून निघालेल्या मालाचा योग्य मोबदला आपणांस मिळाला नाही, असे म्हणत काही शिवणाऱ्या स्त्रिया २००७ साली न्यायालयात गेल्या. २००८ साली ते दावे आपसांत मिटले. 'फ्रीडम क्विल्टिंग बी' २०१२ साली बंद झाली. २०२१ पासून तेथील अनेक स्त्रिया इंटरनेटवरील बाजारात स्वतःच्या नावाने, स्वतः ठरवलेल्या किमतीने क्विल्ट विकत आहेत.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नावलौकिक आणि मोबदला या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. ज्यांचे पोट भरलेले आहे अशा सभासदांचा संघ फुकट शिवून दान करू शकतो, आणि ते स्तुत्यच आहे. पण जिचे घर शिवणावर चालते, तिच्याकडून 'समाजकार्य' म्हणून फुकट काम मागणे हा अन्याय आहे. आपल्याकडेही गोधडी शिवून देणाऱ्या गरीब बाया आहेत. त्यांची गोधडी शहरातील दुकानात शोभेची वस्तू होते तेव्हा तिची किंमत वाढते. शिवणारीची मजुरी त्या मानाने वाढली का, हा प्रश्न ग्राहक म्हणून आपण विचारला पाहिजे.

आपल्या महिला मंडळांसाठी

आपल्या संस्थेच्या भगिनींनी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, कापड आपल्या घरातच आहे. नऊवार लुगडे सुमारे २७ फूट लांब असते. साडेसहा फुटी गोधडीसाठी त्याचे चार थर निघतात. सुती कापडच घ्यावे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. जे आपण स्वतः पांघरणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.

दुसरी गोष्ट, काम वाटून घ्यावे. मापाचा एक कागद सर्वांना द्यावा. सुईत दोरा ओवणे ज्यांना आता जमत नाही त्या वृद्ध मातांनी रंगांची जुळणी सांगावी, टाका शिकवावा. ती विद्या त्यांच्याबरोबर निघून जाण्यापूर्वी मुलींच्या व मुलांच्याही हाती यावी.

तिसरी गोष्ट, हिशेब लिहावा. कापड किती आले, दोऱ्याला किती लागले, कोणी किती तास शिवले आणि गोधडी कोठे गेली, हे वहीत असावे. विक्री झाली तर मजुरी आधी काढावी व उरलेले संस्थेच्या खात्यात जावे. दान आणि विक्री यांची खाती कधीही एकत्र करू नयेत.

चौथी गोष्ट, गोधडीच्या मागे एका कोपऱ्यात शिवणाऱ्यांची नावे व साल दोऱ्याने लिहावे. आमच्या आज्यांनी आयुष्यभर शिवलेल्या गोधड्यांवर कोणाचेही नाव नाही. तो काळ अक्षर नाकारलेल्यांचा होता. आता अक्षर आपल्या हाती आले आहे, तर ते सुईनेही लिहावे.

समाजाचे ऐक्य भाषणांनी सांगता येते, परंतु ते अनुभवास येते एकत्र बसून केलेल्या कामात. नऊ घरांतील नऊ तुकडे एका पांघरुणात आले आणि ते रुग्णालयातील एखाद्या अनोळखी मुलाच्या अंगावर पडले, तर त्या मुलाला ही नऊ घरे कधी कळणार नाहीत. त्याची रात्र मात्र उबेत जाईल. माळ्यावरची गोधडी त्यासाठी एकदा खाली काढावी, एवढेच सुचवून हा लेख पुरा करतो.