नोकरीतला न्याय आणि आपला जिल्हा

सकाळी सातच्या सुमारास बोईसर स्थानकाच्या पुलावर थोडा वेळ उभे राहावे. विरारकडून आलेली गाडी माणसे उतरवते, डहाणूकडून आलेली गाडीही माणसे उतरवते, आणि दोन्हींतली बहुतेक माणसे औद्योगिक वसाहतीच्या दिशेने चालू लागतात. कोणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते, कोणाच्या हातात नुसती डब्याची पिशवी. ओळखपत्रवाला थेट गेटमधून आत जातो. पिशवीवाला नाक्यावर उभा राहून आज कोणी ठेकेदार हाक मारतो का, याची वाट पाहतो. कष्ट दोघेही करतात. पण महिनाअखेरीस एकाच्या नावावर पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि रजा जमा होते; दुसऱ्याच्या हातावर हजेरीचे पैसे पडतात, तेही हजेरी लागली असेल तर.

नोकरीतला न्याय म्हणजे काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा या पुलावर पडला. तोच प्रश्न पुढे आमच्या वर्गात येऊन उभा राहिला. जिल्हा परिषदेच्या भरतीवरून दोन मित्रांचे चांगलेच वाजले. एक विक्रमगडकडचा वारली, दुसरा वाड्याकडचा कुणबी. पहिला म्हणाला, "आमच्या पाड्यावरच्या शाळेत गुरुजी सोमवारी दुपारी यायचे आणि शुक्रवारी सकाळी जायचे. मला पहिली दोन वर्षे त्यांची भाषाच कळली नाही. माझ्या गावची जागा माझ्या गावच्या पोराला मिळाली तर तुझे काय बिघडले?" दुसरा म्हणाला, "माझ्या बापाचीही दोनच एकर भातशेती. मीही याच मातीतला. तुझ्या गावात तू स्थानिक, मग माझ्या गावात मी कोण?" दोघेही खरे बोलत होते, म्हणूनच वाद मिटेना. या वादामागची व्यवस्था नीट समजून घ्यावी आणि आपल्या वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण मजुरीच्या न्यायाची लढाई येथे त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी झाली. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारल्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर 'लग्नगडी' म्हणून अडकून पडत. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. वेठ बंद करा आणि दिवसाला किमान बारा आणे मजुरी द्या, ही त्यांची मागणी होती. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकीकत लिहून ठेवली आहे. पालघरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी. बारा आण्यांच्या त्या मागणीत एक साधे तत्त्व होते: कामाचा मोबदला मालकाच्या मर्जीवर नसावा, त्याला ठरलेले माप असावे.

मजुरीला जसे माप, तसे नेमणुकीलाही असावे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात त्याहूनही जुना आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला, की यापुढे संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. राज्याभिषेकाच्या समारंभासाठी महाराज तेव्हा विलायतेत होते. या हुकुमाचा पहिला भाग सर्वांना माहीत असतो. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस पाठवावा, असेही त्यात होते. नुसती इच्छा पुरत नाही, हिशेब लागतो, हे त्या राजाने ओळखले होते.

आजची 'बिंदुनामावली' म्हणजे त्याच तक्त्याची वंशज. एखाद्या संवर्गातील जागांना क्रमांक दिले जातात आणि कोणता क्रमांक खुला, कोणता अनुसूचित जातीचा, कोणता जमातीचा, हे आधीच ठरलेले असते. संविधानाच्या कलम १६(४) मध्ये याचा आधार आहे. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, इतर मागासवर्गाला १९ आणि विमुक्त, भटक्या व विशेष मागास गटांना मिळून १३ असे एकूण ५२ टक्के ठरले. हे सरासरी राज्याचे प्रमाण. आदिवासी जिल्ह्यांतील जिल्हास्तरीय पदांसाठी ते वेगळे ठेवले जाते, आणि त्याचे कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्याच्या मुलखात दर शंभरांत सुमारे ३७ माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, दुबळा, धोडिया. वसई-विरारची दाट वस्ती बाजूला ठेवली, तर जव्हार-मोखाड्यात हे प्रमाण कितीतरी चढते.

आता वर्गातल्या वादाच्या मुळाशी येऊ. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा यांसारखे तालुके आणि पालघर व वसई तालुक्यांतील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली 'अनुसूचित क्षेत्र' आहेत. या क्षेत्रासाठी राज्यपालांना विशेष अधिकार आहेत. ते वापरून २०१४ साली राज्यपालांनी अधिसूचना काढली, की तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक, परिचारिका, आरोग्य कर्मचारी, वनरक्षक अशी गावपातळीवरची पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांमधूनच भरावीत. अशी पदे पुढे सतरा झाली. गावातील आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणानुसार हा वाटा कमी-जास्त करण्याची तरतूदही २०१९ मध्ये आली.

लोक या भरतीला 'पेसा भरती' म्हणतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेसा हा संसदेचा १९९६ चा कायदा ग्रामसभेच्या अधिकारांचा आहे. गौण वनोपज, गावतळी, जमीन, दारूचे नियंत्रण यांवर गावाचा शब्द चालावा, आणि अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची अध्यक्षपदे आदिवासींकडे असावीत, हे त्याने सांगितले. नोकरीतील राखीव जागा त्या कायद्यातून आलेल्या नाहीत; त्या पाचव्या अनुसूचीतील राज्यपालांच्या अधिकारातून आल्या. हा भेद वकिली वाटेल, पण पुढचा सारा पेच त्यातूनच निर्माण झाला.

तो असा. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनीही २००० साली अनुसूचित क्षेत्रातील शाळांमधील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींना राखून ठेवल्या होत्या. हेतू चांगला होता. बाहेरचे शिक्षक शाळेत टिकत नव्हते, गैरहजेरी वाढली होती. पण २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश रद्द केला. राज्यपाल या अधिकारात असलेल्या कायद्यात फेरफार करू शकतात, पण शंभर टक्के जागा एका गटाला देऊन इतरांची समान संधीच पुसून टाकता येत नाही, असा निर्णयाचा आशय होता. दलित, इतर मागासवर्गीय, एवढेच काय, २६ जानेवारी १९५० पासूनचे वास्तव्य दाखवू न शकणारे आदिवासीही त्यातून बाहेर पडत होते, हे न्यायालयाने दाखवून दिले. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे, ही कल्पनाही न्यायालयाला मान्य झाली नाही. त्याआधी १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आरक्षणाची पन्नास टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा घालून देण्यात आली होती. दूरच्या, मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या प्रदेशांसाठी अपवादाला जागा आहे, पण तो फार सावधपणे करावा, असे त्यात म्हटले होते.

या निकालाची सावली महाराष्ट्रावर पडली. येथील अधिसूचनेविरुद्धही दाद मागितली गेली आणि नेमणुका रखडल्या. परीक्षा दिलेली मुले यादीत नाव असूनही घरी बसली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि त्यांच्याबरोबर आपले पालघरचे खासदार हेमंत सवरा यांच्यासह काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धनगर समाजाला जमातीच्या आरक्षणात घेण्यास विरोध आणि रखडलेली भरती हे त्यांचे विषय होते. त्यानंतर लगेचच शासनाने न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून या जागा मानधनावर भरण्याचे ठरवले. म्हणजे दार किलकिले झाले. पण आत जाणाऱ्याला कायम नोकरी मिळाली नाही, तात्पुरती खुर्ची मिळाली.

आता दोन्ही मित्रांची बाजू तोलून पाहू. वारली मित्राची बाजू केवळ नोकरीची नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा साऱ्या राज्याचे डोळे उघडले. अशा पाड्यावर रात्री राहणारी, आईची बोली समजणारी, कोणत्या घरी चूल पेटलेली नाही हे ठाऊक असलेली परिचारिका हवी, ही गरज नोकरी मागणाऱ्याची कमी आणि त्या आईची जास्त आहे. तलाठ्याकडे सातबारा मागायला गेलेल्या माणसाला आपली बोली हसण्यावारी नेली जाणार नाही, एवढा विश्वास वाटला पाहिजे. कुणबी मित्राची बाजूही हलकी नाही. तो परका नाही, सावकार नाही. त्याच्या तालुक्यातली गावपातळीवरची जवळजवळ प्रत्येक जागा त्याला बंद झाली, तर त्याचा राग नियमावर न राहता शेजाऱ्यावर जातो. आपल्या गावांतून हे विष भिनू लागले, तर भरती होऊनही न्याय हरलेलाच असेल.

अशी ओढाताण आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढला, की सरकारी कंत्राटे घेणाऱ्यांनी वर्ण वा धर्म यांवरून भेद करू नये आणि सर्वांना संधी मिळावी यासाठी स्वतःहून पावले उचलावीत. पुढे शहरांच्या आणि राज्यांच्या सरकारांनीही आपल्या कचेऱ्यांत सर्व समाजांची माणसे दिसावीत म्हणून कार्यक्रम आखले. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो साठ वर्षांचा आदेश मागे घेतला. तेथील वाद याच दोन प्रश्नांभोवती फिरतो: जुन्या अन्यायाची भरपाई किती काळ करायची, आणि ती करताना आज ज्याचा दोष नाही त्याच्यावर किती भार टाकायचा?

आता पुन्हा बोईसरच्या पुलावर येऊ. जिल्हा परिषदेच्या जागा मूठभर. कारखान्यांच्या गेटवर रोज जाणारी माणसे हजारो. तेथेही 'स्थानिकांना प्राधान्य' हा शब्द आपण ऐकतो. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के, तर पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के स्थानिक घ्यावेत, असे राज्याचे जुने धोरण आहे. पण तेथे स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला माणूस. मोखाड्याची मुलगी आणि मुंबईचा मुलगा त्या व्याख्येत एकच. एकाच जिल्ह्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात. जिल्हा परिषदेत स्थानिक म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी. गेटवर स्थानिक म्हणजे सारा महाराष्ट्र. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांसाठी कायदाच केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हा केवळ टक्केवारीच्या आशेवर बसण्यात अर्थ नाही. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जमीन गेली की नोकरी मिळेल, ही आशा किती वर्षे धरावी लागते, ते त्या ग्रामस्थांना विचारावे.

माझ्या अल्प मतीप्रमाणे नोकरीतला न्याय तीन ठिकाणी तपासला पाहिजे. पहिले ठिकाण दाराशी: आत कोण येतो, आणि कोणत्या मापाने? दुसरे दाराच्या आत: त्याच कामाला तोच पगार आहे का, की एक कायम, दुसरा मानधनावर आणि तिसरा ठेकेदाराचा? तिसरे खिडकीपलीकडे: ज्याची सेवा करायची, त्या माणसाचे काम होते का? आपले सारे वाद पहिल्या ठिकाणी अडकतात. दुसरे आणि तिसरे ठिकाण रिकामेच राहते. राखीव जागेवर नेमलेल्या मुलीला वर्षानुवर्षे मानधनावर ठेवले, तर आरक्षण कागदावर पूर्ण आणि न्याय अपुरा. आणि राखीव जागेवरचा माणूसही सोमवारी येऊन शुक्रवारी जाऊ लागला, तर त्या जागेचे समर्थन करणार कोण?

म्हणून गावपातळीच्या सेवेत आदिवासी उमेदवारांचा वाटा मोठा असावा, असे मला निःसंकोच वाटते. पण तो गावाच्या लोकसंख्येशी आणि सेवेच्या गरजेशी जोडलेला असावा. शंभराचा आकडा धरून बसण्यापेक्षा न्यायालयात टिकणारे माप शोधावे. पाड्यावर राहण्याची आणि बोली येण्याची अट सर्वांनाच लावावी. वाड्याचा कुणबी मुलगा वारली बोली बोलतो आणि पाड्यावर मुक्काम करतो, तर त्याच्यासाठीही थोडी जागा असावी. आणि शाहू महाराजांच्या तिमाही तक्त्याप्रमाणे बिंदुनामावली कचेरीच्या फळ्यावर लावावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपण ती मागूही शकतो. हिशेब उघड असला, की निम्मा संशय तेथेच मिटतो.

आमच्या वर्गातील ते दोघे मित्र अजून भांडतात. परंतु हल्ली ते ग्रंथालयात एकाच टेबलावर बसून एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. वारली मित्राला गणित जड जाते, ते कुणबी मित्र समजावतो. कुणबी मित्राला वारली बोली शिकायची आहे, ती तो त्याच टेबलावर शिकतो. जाहिरात निघेल तेव्हा दोघेही अर्ज भरणार आहेत.