दूधवाल्याला भाव विचारून झाला की हेही विचारा

‘नर पारडांचं काय करता?’

म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि साधारण निम्मी पारडं नर निघतात. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम नाही. त्याला दूध पाजणं परवडत नाही म्हणून अनेक तबेल्यांत तो उपासमारीनेच जातो. मग पारडाविना म्हशीला पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन! दूध वाढवण्यासाठी असं टोचणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार (कलम १२) गुन्हा आहे. तरी चालतं.

गाईंचं त्रांगडं वेगळं. जर्सी-होल्स्टीन संकरित गोऱ्ह्याला नीट वशिंड नसतं, त्यामुळे जू पेलत नाही. २०१५पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी असल्याने गिऱ्हाईकही नाही. शेतकऱ्याने पोसायचं कशावर? लिंगनिश्चित रेतमात्रा वापरल्या तर सुमारे ९० टक्के कालवडी होतात. मला हा त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो. भाकड जनावराचा प्रश्न मात्र उरतोच.

पिशवीच्या दुधात कित्येक गोठ्यांचं दूध मिसळलेलं, तिथे विचारणार कोणाला? जवळचा गोठा असेल तर धारेच्या वेळी जाऊन बघा: वासरू आईला पितंय का, दावं किती आखूड आहे. आणि ‘ए-टू’च्या लेबलला भुलू नका, ते फक्त दुधातल्या प्रथिनाबद्दल बोलतं.