दंड मोठा की ताकद मोठी?

धानाच्या हंगामात गोंदियातील एखाद्या राइस मिलपुढे घटकाभर उभे राहा. अंगाने काटक, दंडाने बेताचा असा हमाल ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन झपझप चालत जातो. तेच पोते व्यायामशाळेतील एखाद्या पिळदार तरुणाच्या पाठीवर दिले, तर पहिल्या खेपेला तो अडखळण्याचाच संभव अधिक. मग दंडाचा घेर आणि ताकद यांचा काही संबंधच नाही काय?

संबंध आहे. स्नायू आडवा कापला असे समजा. त्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे स्नायू साधारण २० ते ३० न्यूटन बल लावू शकतो. म्हणजे जाड स्नायू अधिक बलवान, हे खरेच. पण हिशेब येथे संपत नाही.

तुमचा हात ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून सुमारे ४ सेंटिमीटरवर जोडलेला आणि तळहातावरचा भार ३२ सेंटिमीटरवर, असे धरू. मग ५ किलोचा भार पेलायला स्नायूला आठपट, म्हणजे ४० किलोभाराइतके बल लावावे लागते! हाच जोड एखाद्याच्या हातात थोडा पुढे असेल, तर तेवढ्याच स्नायूत तो अधिक वजन उचलील. हमाल तर पोते असे घेतो की, त्याच्या भाराची रेषा दोन्ही पावलांच्या मध्ये पडावी.

आता खरी गंमत पाहा. स्नायू चेतासंस्थेच्या हुकमाशिवाय आकसत नाही. मज्जारज्जूतील एकेक चेतापेशी स्नायुतंतूंच्या एकेका गटाला हुकूम देते. नवशिक्याला सगळे गट एकदम कामाला लावता येत नाहीत. सरावाने ते जमू लागते. म्हणूनच व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात असे दिसले की, एकाच हाताने सराव केला तरी दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते. दुसऱ्या हाताने काही केलेच नव्हते. शिकली होती ती चेतासंस्था!

म्हणून दोन्हींचे व्यायामही निराळे. ताकदीसाठी जड वजन, थोड्या वेळा, मध्ये भरपूर विश्रांती. आकारासाठी मध्यम वजन, अनेक वेळा, स्नायू थकेपर्यंत. शिवाय पुरेशी प्रथिने आणि झोप.

आकार वाढवण्यालाही मर्यादा आहे. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केले, तर स्नायूंचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट! कुस्तीत आणि भारोत्तोलनात तर वजनगटच असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात. २०२१ साली टोकियोत मीराबाई चानू ४९ किलो गटात खेळल्या आणि त्यांनी ११५ किलो डोक्यावर उचलले!

एक प्रयोग करा. घरातला वजनकाटा छातीसमोर दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबा. श्वास रोखू नका. आकडा मित्राला वाचायला सांगा. दंडाचा घेर टेपने मोजा. आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा वेळा दाबा. चार आठवड्यांनी दोन्ही आकडे पुन्हा मोजा. कोणता अधिक वाढला?

आरशात दंड बारीक दिसतो म्हणून पावडरीच्या डब्यामागे धावणाऱ्या मित्राला हे आकडे अवश्य दाखवा. आणि हमालाचे कौतुक करताना एक विसरू नका. सरावाने स्नायू कणखर होतात, पण मणक्यांमधल्या चकत्या मात्र झिजत जातात. एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा अधिक ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच केली आहे. ताकद कितीही असली तरी पाठ एकच असते.